चार बोटं माया

तोंडात टाचण्या असल्या की टाचणीबाई ओठांच्या फक्त डाव्या कोपऱ्यातून बोलायच्या. नव्या गिऱ्हाइकाला ते समजायला दोन फेऱ्या लागत. जुन्यांना ठाऊक होतं, की बाईंनी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या म्हणजे आता खरं काहीतरी ऐकायला मिळणार. त्यांचं खरं नाव बाहेरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

दुकान म्हणजे दोन खोल्या आणि दाराशी दोन पायऱ्या. आतल्या खोलीत मशीन आणि कापडाचे गठ्ठे, बाहेरच्या खोलीत उंच आरसा आणि त्याच्यापुढे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा. तीस वर्षांत निम्म्या गावच्या नवऱ्या त्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या होत्या. कुणी रडल्या, कुणी आईशी भांडल्या, एकीने तर तिथेच उभं राहून लग्न मोडलं. बाईंनी तिला पाणी दिलं आणि माप लिहून ठेवलं, म्हटलं, लागेल कधीतरी. लागलंही.

बाईंचे नियम दोनच. पहिला, माप घेताना नवरीला विचारायचं, "सकाळी काय खाल्लंस?" कारण टेप अंगाला लागली की पोरी श्वास रोखून धरतात. पोट आत, मान ताठ. असं माप घेतलं तर ते पोरीच्या अंगाचं नसतं, तिच्या इच्छेचं असतं. उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो आणि अंग जागेवर येतं, तेवढ्यात बाई आकडा टिपायच्या.

दुसरा नियम मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण अंग भरलं, दिवस गेले किंवा दहा वर्षांनी तोच ड्रेस पुन्हा घालावासा वाटला, की शिवण उसवून तीच कामाला येते. बाईंची माया दोन बोटांची. "माझ्या हातून माया कमी सुटायची नाही," असं त्या म्हणत आणि ऐकणारे हसत, कारण बाईंच्या जिभेवर ती औषधालाही नव्हती.

तर अशा या दुकानात एका सकाळी दोन बहिणी आल्या. लग्न थोरलीचं होतं, पण बोलत होती धाकटी. थोरली मागून आली आणि दारातून येताना किंचित तिरकी होऊन आली. दार चांगलं ऐसपैस होतं, तिरकं व्हायची काही गरज नव्हती. बाईंनी ते पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

थोरलीचं वय चौतीस. पोहण्याच्या तलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची. उंच, कमरेशी सडपातळ, आणि खांदे असे, की तिच्यामागे धाकटी उभी राहिली तर दिसेनाशी व्हावी. ते खांदे ती सारखी पुढे ओढून घ्यायची, थंडीत शाल ओढतात तशी.

"मावशी, हे बघा," धाकटीने फोन पुढे केला. "यात बायकांच्या अंगाचे पाच प्रकार दिलेत. सफरचंद, नासपती, भोपळा, काकडी आणि उलटा त्रिकोण. प्रत्येकीला काय शोभतं तेही दिलंय. ताई उलटा त्रिकोण आहे."

"बाकीच्यांना फळं-भाज्या आणि हिला भूमिती?" बाई डाव्या कोपऱ्यातून म्हणाल्या.

थोरली हसली, पण तोंडावर हात ठेवून.

मग नमुन्याचे ड्रेस घालून बघणं सुरू झालं. फुग्याच्या बाह्यांचा घातला, तर खांदे आणखी दोन घरं पुढे गेले. बारीक पट्ट्यांचा घातला, तर पट्ट्या बिचाऱ्या कुठल्या कुठे हरवल्या. मानेमागे बांधायचा एक होता, तो धाकटीने पाठीवरून बघितला आणि "नको गं बाई" म्हणत स्वतःच सोडला. धाकटी वाईट नव्हती. बहिणीचं चांगलं दिसावं म्हणून तिचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण तिच्या प्रत्येक "नको"ला थोरलीचे खांदे आणखी थोडे आत जात होते.

धाकटीला कुणाचातरी फोन आला आणि ती बाहेर पायऱ्यांवर गेली. तेव्हा थोरली पहिल्यांदा आपणहून बोलली.

"मावशी, मला लहानपणापासून सगळे पैलवान म्हणतात. शाळेत म्हणायचे, तलावावर म्हणतात. नाव बाबांनीच ठेवलंय. ते प्रेमाने म्हणतात, कळतं मला. म्हणून कधी बोलले नाही. पण त्या एका दिवशी मला कुणी पैलवान म्हणू नये. खांदे दिसलेच नाहीत तर कोण म्हणेल? एवढंच करा."

"आणि तो काय म्हणतो? होणारा नवरा?"

"तो?" ती लाजली. "तो चाळिशीत पोहायला शिकायला आला होता. पहिल्याच दिवशी खोल पाण्यात गटांगळ्या खायला लागला. मीच मानगुटीला धरून बाहेर काढलं. त्याला काय, मी पोतं नेसले तरी चालेल."

"मग नवरा पाण्यातून मिळाला म्हण की!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "करते," त्या म्हणाल्या.

थोरली चौथऱ्यावर चढली. टेप पाठीला लागताच तिने श्वास रोखला, दंड अंगाशी चिकटवले आणि दोन्ही खांदे पुढे ओढून घेतले. बाईंनी विचारायला तोंड उघडलं. पण आरशात त्यांना तिचा चेहरा दिसला. परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखा. बाईंना तिची इतकी कणव आली, की प्रश्न ओठांतच राहिला. तिने दिला तो आकडा त्यांनी वहीत लिहिला.

पंधरा दिवसांनी कच्च्या शिलाईचा ड्रेस तिच्या अंगावर चढला. मोतिया रंग, गळा निमुळता, खांद्याची शिवण चांगली आत घेतलेली, मनगटापर्यंत घट्ट बाह्या आणि कमरेखाली सोळा कळ्यांचा भरगच्च घेर. बाईंची विद्या सगळी त्यात होती. वरची रुंदी आत ओढायची, खाली घेर वाढवायचा, म्हणजे बघणाऱ्याची नजर मधोमध उतरते. आणि उतरलीच. आरशात एक नाजूक, निमुळती, अनोळखी बाई उभी होती. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"फक्त इथे," थोरली म्हणाली आणि तिने खांद्यावर बोट ठेवलं, "आत काहीतरी जाड लागतंय. उंचवटा दिसतो."

"ती माया आहे. आतलं कापड."

"काढता येईल?"

बाई एरवी अशा प्रश्नावर अर्धा तास बोलल्या असत्या. त्या दिवशी बोलल्या नाहीत. दोन बोटं होती ती त्यांनी कातरीने अर्ध्या बोटावर आणली, पाठीला, बाही जोडतात त्या मुंढ्याला, बाहीला. मायेपोटी माया कापली, दुसरं काय म्हणायचं? माणूस चुकतो तो बहुतेक वेळा अशाच भल्या हेतूने.

पण मनाला चैन नव्हतं. "हात वर करून दाखव बरं," त्या म्हणाल्या.

"त्या दिवशी हात वर कशाला करायचेत, मावशी?" थोरली म्हणाली. खुर्चीवरची पर्स घ्यायला ती वळली, तेव्हा हात पुढे न करता कमरेतून अख्खी वाकली. बाई नुसत्या बघत राहिल्या.

लग्नाला चार दिवस उरले असताना शेवटची ट्रायल होती. त्या दिवशी बाबाही येणार होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हापासून ते चाकांच्या खुर्चीत होते. आई आधीच गेलेली. घरात त्यांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर थोरलीच करायची. त्यांनी हट्ट धरला होता, की लग्नात सगळ्यांसोबत नाही, आधी मी एकट्याने बघणार.

थोरली तयार होऊन चौथऱ्यावर उभी होती. बाई खाली बसून घेराची कड सारखी करत होत्या. बाहेर धाकटीचा आवाज आला, "बाबा, हलू नका, मी उलटी ओढते." दाराशी दोन पायऱ्या. पहिलीवर खुर्ची चढली. दुसरीला एक चाक सरकलं, खुर्ची तिरकी झाली आणि बाबा पुढे घसरायला लागले. धाकटी किंचाळली.

थोरलीने ते आरशात पाहिलं. पुढे काय झालं ते बाईंना नीट दिसलंच नाही. घेराची कड हातातून सुटली, एवढं खरं. दोन ढांगांत ती दारात पोचली, एक हात बाबांच्या काखेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि त्यांना अलगद वर घेतलं. त्याच क्षणी टर्रकन आवाज झाला. मग दुसरा. पाठ एका मुंढ्यापासून दुसऱ्या मुंढ्यापर्यंत आडवी फाटली, बाही दंडावर उकलली. ती थांबली नाही. बाबांना आत आणून तिने बाईंच्या खुर्चीत बसवलं, त्यांचे पाय सरळ केले, कुठे लागलं का ते बघितलं. मगच तिला आपल्या अंगाकडे बघायला सवड झाली.

"पैलवान," बाबा हळहळून म्हणाले, "माझ्यापायी फाटलं गं सगळं."

"नका ना म्हणू बाबा!" ती एकदम म्हणाली, आणि चौतीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "नका ना मला पैलवान म्हणू! मला नाही आवडत. कधीच नाही आवडलं." आणि ती फाटक्या ड्रेसमध्ये, लाकडी चौथऱ्यावर बसून लहान मुलीसारखी हमसाहमशी रडायला लागली.

धाकटी दारातच उभी राहिली. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "तू जन्मलीस दोन महिने आधी. वजन दीड किलोसुद्धा नव्हतं. मला काचेपलीकडून दाखवली. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. मला दुसरं काय करता येत होतं? मी रोज कामावर जाण्याआधी त्या काचेपाशी उभा राहायचो आणि म्हणायचो, चल पैलवान, आजचा दिवस काढ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बत्तीस दिवस म्हणालो. घरी आणली तोवर जिभेला सवय लागली होती."

थोरलीने वर पाहिलं. "मला हे कधीच बोलला नाहीत."

"तुझ्या आईला तो विषय काढलेला सहन व्हायचा नाही. मग राहूनच गेलं. खांद्यांचा काही संबंध नाही गं त्यात. खांदे नंतर आले." त्यांनी नाक पुसलं. "बरं. आजपासून नाही म्हणणार."

बाईंनी गुडघे चोळत उठायला वेळ घेतला, कारण त्यांचेही डोळे भरले होते आणि ते दाखवायची त्यांना हौस नव्हती. मग त्या थोरलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. फाटलेल्या कापडातून तिची पाठ दिसत होती. मोकळी, भक्कम, रोज पाण्यात घडलेली. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो पाठी पाहिल्या होत्या, पण अशी एकही नाही. आणि आपण काय केलं? ती अर्ध्या बोटात कोंबली. बाईंना स्वतःचा मनस्वी राग आला.

त्यांनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझं माप घेतलंच नव्हतं. तू दिलंस ते लिहिलं. हा जोडून काही उपयोग नाही, आत मायाच ठेवली नाही मी. ऊठ. त्यांना उचल."

"आत्ता?"

"मग लग्नात कोण उचलणार आहे? मी? हॉलला पायऱ्या आहेत की नाहीत?"

"सात आहेत," धाकटी म्हणाली. "पण तिथली माणसं खुर्चीसकट नेणार आहेत बाबांना."

"खुर्चीसकट!" बाबा पुटपुटले. "कपाट नेतात तसं."

थोरलीने डोळे पुसले, हात घातले आणि बाबांना उचललं. बाईंनी फाटलेलं कापड बाजूला केलं आणि टेप पाठीवरून फिरवली. तिने सवयीने श्वास रोखलाच.

"सकाळी काय खाल्लंस?" बाईंनी विचारलं.

"दोन अंडी, चार पाव," ती म्हणाली, "आणि दोन केळी."

"तीन," बाबा तिच्या हातांतून म्हणाले. "तिसरं माझ्या वाटचं होतं."

ती हसली. तोंडावर ठेवायला हात मोकळा नव्हता, त्यामुळे पुरती हसली, खांद्यांसकट हसली, आणि बाबाही वरखाली हलले. त्याच वेळी बाईंनी आकडा वाचला. वहीतल्या आकड्यापेक्षा चार बोटं जास्त होता. त्यांनी जुना आकडा खोडला आणि नवा ठळक लिहिला.

पुढचे तीन दिवस दुकानाचं दार बंद होतं. बाईंनी सोळातल्या सहा कळ्या उसवून काढल्या, आणि त्या कापडातून पाठ आणि छाती नव्याने बेतली. बाह्या टाकूनच दिल्या. त्यांच्या जागी खांद्यावर तळहाताएवढ्या रुंद पट्ट्या आल्या, मुंढा मोकळा झाला, गळा समोर उतरता ठेवला आणि मागे पाठ निम्मी उघडी. घेर कमी झाला, तशी तिची चालही दिसायला लागली.

ड्रेस न्यायला दोघी आल्या तेव्हा धाकटीने सवयीने फोन काढला. "मावशी, पण यात लिहिलंय, उलट्या त्रिकोणाने खांदे उघडे ठेवायचे नाहीत."

"त्या फोनला म्हणावं, हिच्या बाबांना उचलून दाखव," बाई डाव्या कोपऱ्यातून म्हणाल्या. "मग ऐकते त्याचं."

थोरली आरशासमोर उभी होती. तिने एक हात वर केला, मग दुसरा, पोहण्याआधी करतात तसे. "मीच दिसतेय," ती म्हणाली. तक्रार होती की आनंद, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने कुशीच्या शिवणीत बोट घातलं. "आत हे एवढं कापड कशाला?"

"माया आहे. चार बोटं. असू दे," बाई म्हणाल्या. "एकदा माझ्या हातून कमी सुटली."

लग्नाच्या दिवशी बाई हॉलच्या खाली, झाडाच्या सावलीत उभ्या होत्या. एरवी त्या गिऱ्हाइकांच्या लग्नांना जात नसत. आपण शिवलेलं लोक कसं चुरगाळतात ते बघवत नाही, असं म्हणायच्या. आज मात्र त्या सकाळीच येऊन थांबल्या होत्या.

गाडी थांबली. धाकटीने खुर्ची काढली. ऊन स्वच्छ होतं आणि थोरलीचे खांदे त्यात झळाळत होते. ती गाडीतून उतरली ती सरळ, तिरकी न होता. पाहुण्यांत कुजबुज झाली. कुणी काय म्हटलं ते बाईंना ऐकू आलं नाही, पण वर दारात उभ्या असलेल्या नवरदेवाचा जबडा खाली पडलेला त्यांना दिसला आणि तेवढं पुरे होतं.

हॉलची दोन माणसं पुढे झाली. "खुर्ची आम्ही उचलतो ताई, तुम्ही व्हा पुढे."

"नको," थोरली म्हणाली. "पैलवान आहे ना."

बाबांनी चमकून पाहिलं. चार दिवस त्यांनी तिला हाक मारताना 'बाळ' म्हणायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी अडखळले होते. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, म्हणा ना."

"काय?"

"काचेबाहेरून म्हणायचात ते."

मोठ्याने त्यांना म्हणवेना. त्यांनी तिच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "चल पैलवान. आजचा दिवस काढ."

तिने त्यांना उचललं. नवरदेव दोन पायऱ्या खाली धावला आणि थांबला. ही माणसाला कसं बाहेर काढते ते त्याला अनुभवाने ठाऊक होतं, मध्ये तडमडण्यात अर्थ नव्हता. ती एकेक पायरी चढत होती. खाली टाचणीबाई श्वास रोखून कान देऊन उभ्या होत्या. पाचवी. सहावी. सातवी. वरून फक्त बाबांचं हसणं ऐकू आलं, शिवणीतून कसलाही आवाज आला नाही. तेव्हा कुठे बाईंनी श्वास सोडला.